वाफसा न येणाऱ्या जमिनीवरचं रान

शिरूर आणि दौंड या तालुक्यांना पाण्याचे दोन्ही त्रास ठाऊक आहेत. माळावरच्या शेतकऱ्याला पावसाची वाट पाहावी लागते, तर पाटालगतच्या सखल रानात साचलेलं पाणी बाहेर कसं काढायचं याची विवंचना असते. हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पण भीमा, घोड, कुकडी या नद्या घाटमाथ्यावरचं पाणी घेऊन इथे उतरतात आणि धरणं-कालवे ते बांधापर्यंत पोचवतात. वर्षानुवर्षं मोकाट पाणी दिलं की सखल काळी जमीन चिबड होते. अशा रानात पीक पिवळं पडतं, वाढ खुंटते आणि रोप उपटून पाहिलं तर मुळं काळी पडलेली, आंबूस वासाची निघतात.

याचं कारण शेतकरी एका वाक्यात सांगतो: ‘जमिनीला वाफसाच येत नाही.’ पाऊस झाल्यावर किंवा पाणी दिल्यावर मातीतल्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निथळतं आणि तिथे हवा शिरते. बारीक पोकळ्यांत ओल टिकून राहते. हवा आणि ओल यांचा असा मेळ बसला की पेरणी करायची, कोळपणी करायची. आपली बहुतेक पिकं आणि बहुतेक झाडं या अवस्थेवर जगतात.

पण निसर्गात अशीही जंगलं आहेत, जिथे जमिनीला वाफसा कधीच येत नाही. वर्षातले बहुतेक दिवस तिथल्या झाडांची मुळं चिखलात, पाण्यात बुडालेली असतात आणि तरीही ती झाडं ऐंशी-शंभर फुटांपर्यंत वाढतात. ही गोड्या पाण्यातली दलदली जंगलं. महाराष्ट्रात ती अवघ्या काही हेक्टरांत शिल्लक आहेत आणि तीही सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात. शिरूर-दौंडच्या वाचकाला ती लांबची वाटतील. पण ही झाडं कशी जगतात हे एकदा कळलं की आपल्या नदीकाठाकडे, ओढ्याकडे आणि ज्याला आपण ‘वाया गेलेली जमीन’ म्हणतो त्या ओल्या पट्ट्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. म्हणून ही ओळख करून घ्यायची.

पाण्याखाली मुळांचं काय होतं

मुळं श्वास घेतात, ही गोष्ट आपण सहसा विसरतो. पानं प्रकाशात अन्न तयार करतात, पण ते अन्न वापरून ऊर्जा मिळवायला मुळांना ऑक्सिजन लागतोच. चांगल्या जमिनीत तो पोकळ्यांतल्या हवेतून मिळतो. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की वाट बंद होते, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून ऑक्सिजन सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. मातीत जो थोडा उरलेला असतो, तो मुळं आणि सूक्ष्मजीव मिळून बघता बघता संपवतात.

मग मुळांच्या पेशी ऑक्सिजनशिवाय साखर आंबवून दिवस काढू लागतात. हा सौदा फार महाग पडतो. ऑक्सिजन असताना ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला एटीपी या ऊर्जावाहक रेणूचे तीसच्या आसपास नग मिळतात. ऑक्सिजन नसताना फक्त दोन. शिवाय आंबवण्यातून अल्कोहोलसारखे पदार्थ साचतात. पाणी उचलायला आणि अन्नद्रव्यं आत ओढायला लागणारी ताकद मुळांत उरत नाही. म्हणून डोळ्यांसमोर विचित्र दृश्य दिसतं: पीक पाण्यात उभं असतं आणि पानं मात्र तहानेने कोमेजल्यासारखी माना टाकतात.

इकडे मातीतही बदल होत असतात. ऑक्सिजन संपल्यावर सूक्ष्मजीव श्वसनासाठी आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. अगदी शेवटी काही जीव मिथेन वायू तयार करतात. लोहाचं रूप बदलून ते पाण्यात विरघळतं आणि प्रमाणाबाहेर झालं तर मुळांना विषारी ठरतं. सल्फेटपासून सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू बनतो. चिखलाला येणारा तो ओळखीचा वास आणि काळपट-राखाडी रंग हा या सगळ्या रसायनाचा परिणाम. दलदलीतल्या झाडाला या दोन्ही संकटांना तोंड द्यायचं असतं: आत हवेचा दुष्काळ आणि बाहेर विष.

श्वास घेण्याच्या वाटा

यावर वनस्पतींनी काढलेला पहिला उपाय म्हणजे अंगातच हवेच्या वाटा ठेवणं. कमळाचा देठ आडवा कापून पाहा; आत लांबच लांब पोकळ नळ्या दिसतील. भाताच्या मुळांतही अशाच हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून मावळातल्या खाचरात भात गुडघाभर चिखलात आनंदाने वाढतो आणि त्याच खाचरात बाजरी टिकत नाही. पाणी साचलं की मुळांत इथिलीन वायू कोंडतो. तो एरवी हवेत निघून जातो. पाण्यामुळे अडकून पडला की पेशींना तोच इशारा ठरतो. काही पेशी मरून जागा मोकळी करून देतात, पोकळ्या तयार होतात आणि पानां-खोडांकडून आलेली हवा मुळांच्या टोकापर्यंत उतरते. या हवेतला थोडा ऑक्सिजन मुळांतून बाहेरच्या चिखलातही झिरपतो. त्यामुळे विरघळलेलं लोह मुळाभोवतीच गंजासारखं साकळतं आणि मुळाच्या आत कमी जातं. भाताचं रोप उपटल्यावर मुळांवर दिसणारा तांबूस थर हाच.

झाडांचा मामला आणखी अवघड. उंच, जड खोड मऊ चिखलात उभं करायचं आणि वर श्वासही घ्यायचा. त्यासाठी त्यांच्याकडे तीन साधनं आहेत. एक, खोडावर आणि मुळांवर असलेली सालीतली बारीक छिद्रं, म्हणजे वातरंध्रं. यांतून हवा आत जाते. दोन, पाण्याच्या पातळीच्या वर खोडातून फुटणारी नवी मुळं. जुनी मुळं गुदमरली की ही काम सांभाळतात. तीन, आधारमुळं आणि श्वसनमुळं. आधारमुळं खोडाच्या खालच्या भागातून तिरकी निघून चारी बाजूंना रोवली जातात, त्यामुळे भुसभुशीत जमिनीतही झाड कलंडत नाही. श्वसनमुळं चिखलातून वर डोकं काढतात. कोकणातल्या खाडीत तिवरांच्या भोवती चिखलातून वर आलेली टोकदार मुळं अनेकांनी पाहिली असतील. तिथे पाणी खारं. गोड्या पाण्याच्या दलदलीतही हीच युक्ती आहे, फक्त तिचा आकार वेगळा.

दोडामार्गातली रानजायफळं

सह्याद्रीच्या दक्षिण भागात, पायथ्याच्या दऱ्यांमध्ये, जिथे ओढ्याचं पाणी उतार संपल्यावर पसरतं आणि संथपणे झिरपत राहतं, तिथे जायफळाच्या कुळातली रानटी झाडं दाटीने वाढतात. या जंगलांना शास्त्रीय भाषेत मिरिस्टिका दलदल म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातलं जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. ही झाडं त्याचीच सह्याद्रीतली भावंडं. मसाल्यात रामपत्री वापरतात, तीही याच कुळातल्या एका सह्याद्रीच्या झाडाची.

केरळात कुळत्तुपुळा भागातल्या अशा दलदलींची नोंद १९६० मध्ये कृष्णमूर्ती यांनी केली. पुढे चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये भारतातल्या वनप्रकारांचं जे वर्गीकरण प्रसिद्ध केलं, त्यात मिरिस्टिका दलदलीला स्वतंत्र वनप्रकार म्हणून जागा मिळाली. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातलं कत्तलेकान आणि गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राय ही या जंगलांची आणखी प्रसिद्ध ठिकाणं. महाराष्ट्रात अशी दलदल आहे हे शास्त्राच्या पानावर यायला २०१८ साल उजाडलं. त्या वर्षी दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथल्या दलदलीची नोंद ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आली आणि मिरिस्टिका दलदलीची उत्तरेकडची सीमा महाराष्ट्रात सरकली. सुमारे अडीच हेक्टरांच्या या तुकड्याला पुढे राज्य शासनाने जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. त्यानंतर त्याच तालुक्यातल्या कुंब्रल गावच्या देवराईतही अशीच दलदल असल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं. गावकऱ्यांना अर्थातच दोन्ही जागा आधीपासून माहीत होत्या.

इथलं मुख्य झाड म्हणजे मिरिस्टिका मॅग्निफिका. नाव मोठं आहे आणि झाडही तसंच. पानं हातभर लांब, जाड, वरून गर्द हिरवी. खोडाच्या तळाशी आधारमुळांचा फाटा. सालीला खाच पडली तर लालसर चीक येतो. जायफळाच्या कुळातल्या झाडांची ही खूणच. पण नजर खिळते ती जमिनीवर. चिखलातून मुळं वर येतात, वीतभर-हातभर उंचीवर वळतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. दुमडलेल्या गुडघ्यासारखी ती दिसतात, म्हणून त्यांना गुडघामुळं म्हणतात. अशी कितीतरी गुडघामुळं झाडाभोवती पसरलेली असतात. जवळून पाहिलं तर वाकलेल्या भागाच्या सालीवर बारीक, खरखरीत पुटकुळ्या दिसतात. त्याच वातरंध्रांतून हवा आत शिरते आणि चिखलातल्या मुळांना पोचते. पावसाळ्यात पाणी चढलं तरी गुडघ्याचा माथा शक्यतो पाण्याच्या वर राहावा, एवढी त्यांची उंची असते. गुडघामुळांची उंची पाहून त्या जागी पाणी साधारण कुठवर चढत असेल, याचा अंदाज बांधता येतो.

फळाची गोष्ट तितकीच महत्त्वाची. जाड सालीचं फळ उकललं की आत मोठं, टणक बी आणि त्याभोवती जायपत्रीसारखं रंगीत आवरण दिसतं. धनेशासारखे मोठ्या चोचीचे पक्षी आणि मोठी रानकबुतरं या आवरणासाठी बी गिळतात आणि दुसरीकडे नेऊन टाकतात. पक्षी आला नाही तर जड बी बहुधा झाडाखालीच पडतं. या बियांचा एक दोष म्हणा किंवा स्वभाव म्हणा: त्यांना सुकणं सोसत नाही. ज्वारी-बाजरीचं बी वाळवून कणगीत ठेवलं तरी पुढच्या हंगामात उगवतं. रानजायफळाचं बी वाळलं की मेलं. त्याला पडल्या पडल्या ओल हवी, सावली हवी आणि ती टिकून राहायला हवी. म्हणूनच ही जंगलं वर्षभर ओलसर राहणाऱ्या दऱ्यांमध्ये अडकून पडली आहेत. एकदा एखादी दलदल सुकली की तिथलं उभं झाड काही वर्षं तग धरेल, पण त्याच्या खाली नवं रोप उभं राहणार नाही. बाहेरून जंगल हिरवं दिसत राहतं आणि आतून त्याचा वंश खुंटलेला असतो.

या ओलाव्यावर जगणारे

दलदलीत रानजायफळं एकटी नसतात. केवड्याच्या जातीची झुडपं, वेत, नेचे, अळूच्या कुळातल्या पाणवनस्पती खालचा थर भरून टाकतात. जांभळाच्या कुळातलं सिझिजियम त्रावणकोरिकम हे अतिदुर्मीळ झाड याच प्रकारच्या जागांत सापडतं. कत्तलेकानच्या दलदलीत बिब्ब्याच्या प्रजातीतलं एक झाड सापडलं. २००० साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं आणि त्या जागेवरूनच त्याला सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस हे नाव मिळालं. आपल्या माळावरचा बिब्बा कोरड्या, पानगळीच्या रानात वाढतो. त्याचाच हा भाऊबंद पाण्यात पाय बुडवून उभा असतो. एकाच घराण्यातल्या दोन झाडांनी पाण्याशी इतकी वेगळी नाती जोडावीत, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

प्राण्यांमध्ये चतुर आणि टाचण्यांच्या काही जातींची इंग्रजी नावंच मिरिस्टिकावरून पडली आहेत. त्यांची पिल्लं संथ, स्वच्छ, सावलीतल्या पाण्यात वाढतात. केरळातल्या दलदलीत राहणाऱ्या एका झाडबेडकाचं वर्णन २०१३ साली झालं. त्याच्या नावातच मिरिस्टिका दलदलीचा उल्लेख आहे. या बेडकाची रीत पाहण्यासारखी. मादी पाणी चढण्याआधीच झाडावरून खाली येते, दलदलीच्या उघड्या तळाशी माती उकरते आणि चिखलात अंडी घालते. पावसाचं पाणी तिथवर चढलं की अंड्यांतली पिल्लं त्यात मोकळी होतात. म्हणजे हा बेडूक पाण्याच्या येण्याच्या वेळेवर आपला सगळा संसार सोपवतो. वरच्या अंगाला कुणी ओढा वळवला, पाणी उशिरा आलं किंवा आलंच नाही, तर अंडी मातीतच वाळतात.

झाडांच्या पानगळीचंही इथे वेगळंच होतं. ऑक्सिजन कमी असल्याने पाला सावकाश कुजतो आणि त्यातला कार्बन चिखलात साठत जातो. अशा मातीतून थोडा मिथेनही सुटतो, हे खरं. पण दलदल कोरडी करून नांगरली की वर्षानुवर्षं साठलेला कार्बन भराभर हवेत जातो, हेही तितकंच खरं.

कशामुळे वाचली, कशामुळे गेली

ही जंगलं मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली, त्याचं कारण त्यांचा गुण हाच आहे. दरीच्या तळाशी सपाट, गाळाची, बारमाही पाण्याची जागा. भातशेतीला आणि सुपारीच्या बागायतीला याहून चांगली जमीन कुठली? केरळ-कर्नाटकात अशा कितीतरी दलदली खाचरांत आणि बागांत बदलल्या. केरळात आता त्या सगळ्या मिळून सुमारे दीड चौरस किलोमीटर क्षेत्रातच उरल्या आहेत. जिथे झाडं तोडली नाहीत, तिथेही वरून येणारं पाणी पाइपाने किंवा पाटाने दुसरीकडे नेलं की काम होतं. झाडाला कुऱ्हाड न लावता दलदल मरते.

ज्या वाचल्या, त्यांतल्या काही लोकांनी देवाच्या नावाने राखलेल्या रानांत आहेत. कुंब्रलची दलदल देवराईत आहे, निरंकाराची राय तर नावानेच देवाची. कोकण-गोव्यात देवराईचा आणि पाण्याच्या उगमाचा संबंध जुना आहे. झऱ्यावरचं रान तोडलं तर झरा आटतो, हे अनुभवाने कळलेलं शहाणपण. त्याला देवाचा धाक जोडला की नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. आज त्या धाकाच्या जोडीला कायद्याचंही बळ आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने राज्य शासनाला वारसा स्थळ जाहीर करण्याचा अधिकार दिला आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समितीची तरतूद केली. पण अडीच हेक्टरांवर फलक लावून दलदल टिकत नाही. तिचं पाणी वरच्या डोंगरातून येतं. तिथली झाडं, तिथली जमीन, तिथले झरे जपले तरच खालची गुडघामुळं पाण्यात राहतील.

पाणी येऊन जातं ती जंगलं

दलदली जंगलांचा दुसराही एक प्रकार आहे आणि तो शिरूर-दौंडच्या जास्त जवळचा आहे. इथे पाणी वर्षभर नसतं. काही महिने येतं, साचतं आणि ओसरतं. झाडाला दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात: पावसाळ्यात बुडायचं आणि उन्हाळ्यात तापायचं. चॅम्पियन आणि सेठ यांच्या वर्गीकरणात अशा हंगामी दलदली वनांचाही समावेश आहे. त्यांत एक प्रकार निवराच्या कुळातल्या झाडांचा, तर एक चक्क जांभळाचा आहे.

बांगलादेशात सिल्हेटजवळ रातारगुल नावाचं असं जंगल आहे. पावसाळ्यात ते वीस-तीस फूट पाण्याखाली जातं आणि लोक होडीतून झाडांच्या शेंड्यांमधून फिरतात. तिथे निवर आहे, आणि सगळ्यात जास्त संख्येने जे झाड आहे ते आपला करंज. होय, ज्याच्या बियांचं तेल आपण काढतो, ज्याची सावली ओढ्याच्या काठाला असते, तोच. करंजाची मुळं पाण्यात बुडालेल्या जमिनीत तग धरतात, खारवट मातीत टिकतात, पाणी गेल्यावर खोल उतरून उन्हाळा काढतात आणि हवेतला नत्र बांधून ठेवणाऱ्या गाठीही बाळगतात. त्याच्या जाड शेंगा पाण्यावर तरंगतात आणि पुराबरोबर नव्या काठाला लागतात. भीमेच्या आणि घोडच्या काठी उभा असलेला करंज हा अर्धा दलदलीतला रहिवासी आहे.

त्याच्या सोबतीला उंबर, जांभूळ, अर्जुन आणि वाळुंज. वाळुंज नदीच्या पात्रालगत वाढणारं झाड. त्याच्या हलक्या, केसाळ बिया वाऱ्यावर उडतात, पण फार थोडे दिवस जिवंत राहतात. तेवढ्यात त्यांना पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला ओला गाळ सापडला पाहिजे. फांदी रोवली तरी वाळुंज सहज फुटतं आणि त्याची दाट मुळं गाळ धरून ठेवतात. पात्रातल्या खडकांच्या फटीत शेरणीची लवचिक झुडपं पुराच्या लोंढ्याखाली आडवी होतात आणि पाणी गेल्यावर पुन्हा उभी राहतात. संथ पाण्याच्या कडेला पाणकणीस. अशी पाण्यापासून बांधापर्यंत झाडांची एक उतरंड असते आणि प्रत्येक पायरीवर कोण राहणार हे तिथे पाणी किती दिवस थांबतं यावर ठरतं.

बाभूळही काही महिने पाण्यात उभी राहू शकते. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावात पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर चित्रबलाक वसाहतीने घरटी करतात. भोवती पाणी असल्याने मांजर-मुंगुसांसारख्या शिकारी प्राण्यांना तिथे जाणं अवघड होतं, म्हणून अशा जागा पक्ष्यांना पसंत पडतात. पण या सहनशीलतेलाही मर्यादा आहे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेचं खोरं मोठ्या पट्ट्यात पाण्याखाली गेलं. कायमचं बुडालेलं झाड मरतं, मग ते करंजाचं असो वा बाभळीचं. येऊन जाणारं पाणी आणि येऊन बसणारं पाणी यांत झाडाच्या दृष्टीने जीवन-मरणाचं अंतर असतं.

चिखलाचा उपकार

आता सुरुवातीच्या चिबड जमिनीकडे पुन्हा पाहू. ऑक्सिजन संपला की मातीतले सूक्ष्मजीव सर्वांत आधी नायट्रेट वापरतात, हे वर आलंच आहे. त्यात नायट्रेटचा बराचसा भाग नायट्रोजन वायू होऊन हवेत परत जातो. शेतात ही गोष्ट तोट्याची, कारण विकत आणून टाकलेला युरिया उडून जातो. पण हीच गोष्ट शेत आणि नदी यांच्या मधल्या ओल्या पट्ट्यात घडली तर ती सगळ्यांच्या फायद्याची. उसाच्या रानातून निथळणारं खतयुक्त पाणी झाडांच्या मुळांनी विणलेल्या ओलसर काठातून झिरपत गेलं, तर त्यातला बराच नत्र तिथेच संपतो. काही मुळं शोषून घेतात, काही सूक्ष्मजीव हवेत सोडतात. तो पट्टा नांगरून बांध थेट पात्राला भिडवला की तेच खत नदीत उतरतं आणि त्यावर जलपर्णी माजते. भीमेत जलपर्णीचा गालिचा पसरतो, त्याला शहरांचं सांडपाणी कारण आहे, तसा आपला उघडा पडलेला काठही कारण आहे.

जी अवस्था पिकाला मारते, तीच योग्य जागी असली तर पाणी शुद्ध करते. म्हणूनच ओली जमीन वाया गेलेली नसते. तिचं काम शेताच्या कामाहून वेगळं असतं, इतकंच.

घोडच्या काठावर, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला साडेतीन हजार वर्षांपूर्वी माणसांनी वस्ती केली होती. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे पाणी वळवण्यासाठी केलेला पाट आणि बांध यांचे अवशेष सापडले. नदीचं पाणी वापरण्याची आपली परंपरा एवढी जुनी आहे. पण गेल्या काही दशकांत वाळूउपशाने पात्रं खरवडली गेली, काठ खचले, काठची झाडं मुळासकट कोसळली. वाळू गेली की पात्रातली ओल धरून ठेवणारी गादीच गेली. मोकळ्या जागेत वेडी बाभूळ आणि बेशरम शिरली आणि करंज-उंबराचं नवं रोप उगवण्याजोगी जागा उरली नाही.

आपल्याला करता येण्यासारखं

यावर उपाय म्हणून कुणी दोडामार्गातून रानजायफळाची रोपं आणून शिरूरला लावू नयेत. ती इथे जगणार नाहीत. दलदल तयार करण्यासाठी माळावर पाणी कोंडण्याचाही उपयोग नाही. गवताळ माळ हा स्वतंत्र अधिवास आहे, लांडगा आणि तणमोरासारख्या प्राणी-पक्ष्यांचं ते घर आहे. तिथे झाडांची भरगच्च लागवड करणं म्हणजे एक अधिवास मोडून दुसऱ्याचं सोंग आणणं.

खरं काम ओढ्यांच्या आणि नद्यांच्या काठी आहे. ज्याचं रान नदीला किंवा ओढ्याला लागून आहे, त्याने पाण्याकडचा काही फुटांचा पट्टा नांगराबाहेर ठेवावा. त्यात पाण्याच्या कडेला वाळुंजाच्या फांद्या रोवाव्यात, थोडं वर करंज आणि जांभूळ, त्याहून वर उंबर आणि अर्जुन. रोपं जवळच्याच जुन्या झाडांच्या बियांपासून करावीत. त्या झाडांनी इथला पूर आणि इथला उन्हाळा दोन्ही सोसलेले असतात. जिथे पाणी आपोआप साचतं ती खोलगट जागा भराव टाकून बुजवू नये. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने गावातली पाणथळ जागा, जुने उंबर-करंज, पक्ष्यांच्या वसाहती यांची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत करावी. दोडामार्गातली दलदल कागदावर आल्यावरच तिला वारसा स्थळाचा दर्जा मिळू शकला. जी जागा नोंदवहीत नाही, तिच्यावर भराव पडताना कुणालाच विचारावं लागत नाही.

आणि ज्यांच्या गावात नदीकाठाला अजून करंजाची, उंबराची जुनी रांग उभी आहे, त्यांनी ती या पावसाळ्याआधी मोजून, तिच्या वयाची जाणत्यांकडे चौकशी करून, नोंदवहीत लिहून घ्यावी. नवी रांग उभी करायला एक पिढी लागते. असलेली राखायला ग्रामसभेचा एक ठराव पुरतो.